हलगी थांबवणारे गेनूअण्णा

लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेले पुरुष एकमेकांकडे बघत नाहीत. दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेला माणूस शेजारच्याला लगेच सांगतो की कुठली दाढ दुखते. हाडांच्या डॉक्टरांकडे तर लोक एक्स-रे उजेडाकडे धरून एकमेकांना दाखवतात. इथं मात्र जो तो मोबाइलमध्ये मान घालून बसलेला, नाहीतर समोरच्या भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र उद्या परीक्षा असल्यासारखं वाचणारा. पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात त्या दिवशी मीही तसाच बसलो होतो. वय एक्कावन्न, मूळ गाव उदगीरकडचं, नोकरी हिंजवडीत, आणि मांडीवर बायोप्सीच्या रिपोर्टची फाइल, नाव दिसू नये म्हणून पालथी घातलेली.

"काय पाव्हणं, तुमची गाठ साधी का वंगाळ?"

आवाज एवढा मोठा होता की काउंटरवरची मुलगीसुद्धा वळली. माझ्या शेजारी एक उंचापुरा म्हातारा येऊन टेकला होता. पांढरा नेहरूशर्ट, पांढरी विजार, टोपी, आणि टोपीखाली पैलवानांचे असतात तसे चुरगळलेले कान. मी काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोला की. चोरी केलीय का आपण?" असं म्हणून त्यांनी स्वतःचंच सांगायला घेतलं. "माझी वंगाळ हाय. प्रोस्टेटचा कॅन्सर. वय एकुणसत्तर. तुमचं?"

सकाळपासून त्या हॉलमध्ये तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. आजूबाजूच्या माना आणखी खाली गेल्या. मी मात्र, का कोण जाणे, फाइल सुलटी केली आणि म्हणालो, "एक्कावन्न. माझीही वंगाळच."

"आरं देवा!" त्यांचा रुंद पंजा माझ्या गुडघ्यावर पडला. "लहान हाईस रं तू."

रिपोर्ट हातात आल्यापासून सगळ्यांनी मला धीर धरायला सांगितलं होतं. लहान आहेस असं कुणी म्हणालं नव्हतं. मी रुमाल काढला. त्यांनी तिकडे बघितलं नाही, नुसता पंजा तसाच राहू दिला.

हे गेनूअण्णा. मुळशी धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांचं गाव, चार वावरं भाताची, बाकी सगळा डोंगर. तरुणपणी कुस्ती खेळले, गुडघा गेल्यावर माती सुटली, पण आखाडा सुटला नाही. मुळशी-मावळात जत्रांच्या कुस्त्यांना जो माणूस माइकवर उभा राहून पैलवानांची नावं, गावं, वस्ताद आणि डाव सांगतो, त्याला निवेदक म्हणतात. अण्णा तीस वर्षं ते काम करत होते. त्यांचा आवाज ओळखणारी माणसं त्या मुलखात त्यांचा चेहरा ओळखणाऱ्यांपेक्षा जास्त होती.

पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "इंग्रजी येतं ना? मग चल माझ्यासंगट आत. पोरगं गाडी लावायला गेलंय. ते यायच्या आत डॉक्टरला गाठायला पायजे."

"का?"

"ते आलं की डॉक्टर त्याच्याशीच बोलतोय. मी आपला मधी बसून दोघांच्या तोंडाकडं बघतोय."

आत डॉक्टरांनी खरंच पहिल्यांदा तेच विचारलं. "आजोबा, मुलगा आलाय ना बरोबर? त्याला बोलवा, मग बोलू."

"गाठ माझी हाय का त्याची?" अण्णा म्हणाले. "तुमी मला सांगा. इंग्रजीतलं काय न्हाई कळलं तर हे साहेब हायेत. मला तीनच गोष्टी इचारायच्यात. निघंल का? संसारातलं काय ऱ्हाईल? आनि मी किती दिवस हाय?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खुर्ची अण्णांच्या समोर ओढून घेऊन नीट मराठीत सांगितलं. गाठ आता तिथल्या तिथं राहिलेली नाही, कंबरेच्या आणि मणक्याच्या हाडात उतरली आहे. कापून निघायची नाही. पण इंजेक्शनं आणि गोळ्या देऊन तिला दाबून ठेवता येतं, आणि गाठ अशी दाबून ठेवलेली माणसं वर्षानुवर्षं हिंडतात-फिरतात. त्या इंजेक्शनांनी पुरुषपणाची इच्छा मात्र जाते, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, थकवा येतो.

एवढा मोठा माणूस खुर्चीत जरा आकसल्यासारखा झाला. मग अण्णा म्हणाले, "म्हंजी जाईस्तवर ह्यो संगं ऱ्हानार, पर लगीच नेत न्हाई. बरोबर?"

"बरोबर."

"मग ठीक हाय. आता पोराला बोलवा. पर त्याला जरा हळू सांगा. ते लई भित्रं हाय."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. थोड्या वेळानं अण्णा आणि त्यांचा मुलगाही बाहेर आले. माझी गाठ काढून टाकता येण्यासारखी होती, त्यांची नव्हती, आणि माझा मोबाइल नंबर घेऊन "आपरेशनच्या आदल्या दिवशी फोन कर, लपवू नकोस" असं मला बजावून अण्णा पार्किंगकडे निघून गेले.

अण्णांची एक सवय लोकांना फार अवघड जायची. कुणी "काय अण्णा, कसं काय?" म्हटलं की आपण सगळे "बरंय" म्हणून मोकळे होतो. अण्णांना ते जमायचं नाही. ते खरं सांगायचे. "पाय सुजल्यात. दुपारी अंगातनं वाफा निघतात, टोपी भिजती. छाती बाईमाणसागत दुखती. भूक मातर झ्याक लागती." विचारणारा चहाचा कप हातात धरून कावराबावरा व्हायचा. अण्णांचं म्हणणं असं, की ऐकायचं नसेल तर विचारू नये.

दुसरी गोष्ट. आयुष्य आखाड्यात गेलेलं, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना सांगायचा, "अण्णा, ही पण एक कुस्तीच समजा, चितपट करा कॅन्सरला." ते चिडायचे. "कुस्ती कसली? कुस्तीत दोघं राजीखुशीनं उतरत्यात. हितं मला कुनी इचारलं का? आनि उद्या मी गेलो तर काय म्हनशीला, गेनू हारला? मी हारत-बिरत न्हाई. मी आजारी हाय." हे ऐकल्यापासून मीही माझ्या दुखण्याला लढाई म्हणायचं सोडून दिलं. फार हलकं वाटलं.

माझं ऑपरेशन झालं. ऑफिसात मी हर्नियाचं सांगितलं होतं. दुखणं एक वेळ सांगता येतं, पण ते शरीराच्या कुठल्या भागाचं आहे हे आपल्याकडे फार महत्त्वाचं असतं. घरी आलो तर आमच्या फ्लॅटमध्ये एक विचित्र शांतता. मुलगी खोलीत यायची, लघवीच्या पिशवीकडे न बघता माझ्या कपाळाकडे बघून बोलायची आणि जायची. अशात एके दिवशी अण्णा आणि हौसाकाकू, त्यांची बायको, लिफ्टनं अकरा मजले चढून आले. काकूंच्या हातात इंद्रायणी तांदळाची पिशवी. अण्णा सरळ माझ्या पलंगापाशी आले, वाकून खाली अडकवलेली पिशवी बघितली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "रंग एक लंबर हाय!"

दारात उभी असलेली माझी मुलगी खुदकन हसली. कित्येक दिवसांनी. मग ती आत आली आणि माझ्या पायाशी बसली, आणि मग आम्ही सगळेच माणसांसारखे बोलायला लागलो.

त्यानंतरच्या चैत्रात अण्णांनी मला त्यांच्या गावच्या जत्रेला बोलावलं. मी लातूरकडचा, कुस्त्या मला नव्या नव्हत्या, पण असा आखाडा मी पाहिला नव्हता. तिन्ही बाजूंनी डोंगराचा उतार, त्यावर माणसंच माणसं, मध्ये तांबड्या मातीचं रिंगण, एका बाजूला पाहुण्या पुढाऱ्यांचा तंबू, दुसऱ्या बाजूला शाळेच्या गच्चीवर बाया. हलग्या कडाडत होत्या. आणि या सगळ्यावर अण्णांचा आवाज. पैलवान मातीत उतरला की त्याच्या आज्याचा वस्ताद कोण होता इथपासून सुरुवात. इंजेक्शनं सुरू होऊन काही महिने झाले होते. मधूनच त्यांच्या अंगातून वाफ निघायची, चेहरा लाल व्हायचा, ते टोपी काढून डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि पुढचं नाव पुकारायचे. लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. गावात कुजबूज होतीच, अण्णाला काहीतरी "तसलं" झालंय म्हणून.

शेवटची मोठी कुस्ती लागायची होती. दोन्ही पैलवान लांग कसून उभे. अण्णांनी हात वर केला. हलग्या थांबल्या.

"मंडळी, ह्या कुस्तीच्या आधी माझं एक काम हाय. पैलवानांनो, जरा बसून घ्या." लोक समजले, कुणाचा तरी सत्कार असेल. "मी तीस वर्सं हितं दुसऱ्याची ताकद सांगत आलो. आज माझं दुखणं सांगतो. मला कॅन्सर झालाय. कुटला? प्रोस्टेटचा. ती एक गाठ असती, लघवीच्या पिशवीच्या खाली. समद्या बाप्यामाणसांना असती. तुमाला हाय. त्या तंबूतल्या साहेबलोकांनाबी हाय."

उतारावर हशा पिकला.

"हसा. मीबी हसायचो. लघवी थेंब थेंब व्हायची, कंबर धरायची, म्हनायचो वय झालं. बायको म्हनली डॉक्टरला दाखवा. मला कुनीतरी सांगितलेलं, डॉक्टर मागनं बोट घालून तपासतोय. म्हनलं, मी पैलवान माणूस, मी न्हाई असलं करून घ्यायचा. त्या एका बोटाला भिऊन मी घरात बसलो. तवर ती गाठ माझ्या हाडात उतरली."

आता कुणी हसलं नाही. एक पोरगं कुठेतरी पिपाणी वाजवत होतं, त्याला कुणीतरी गप्प केलं.

"माझी येळ गेली. तुमची न्हाई गेली. लघवीचा तरास असंल तर अंगावर काढू नका. पन्नाशी झाली की डॉक्टरला इचारा. बापाला, भावाला झाला असंल तर त्याच्याबी आधी इचारा. एक रगताची तपासणी असती. करायची का न्हाई ते डॉक्टर सांगंल, पर इचारा तरी. आनि बोट घातलं तर घालू द्या. एका मिनिटाचं काम हाय. आमी वर्सानुवर्सं एकमेकांच्या लंगोटाला धरून मातीत लोळलो, तवा न्हाई लाजलो!"

तेवढ्यात गर्दीतून एक जण ओरडला, "अण्णा, मग आता काकूंचं कसं?"

खसखस पिकली. अशा वेळी माणूस मेल्याहून मेल्यासारखा होतो. मला तिथून उठून जावंसं वाटलं, जणू माझंच कुणीतरी काढलं होतं. अण्णांनी शांतपणे शाळेच्या गच्चीकडे हात केला. "ती बसलीय तिथं. तिलाच इचार."

हौसाकाकू उठल्या. ठेंगणी, काटक बाई. पदर खोचला आणि माइक नसताना त्यांचा आवाज आखाडाभर ऐकू आला.

"माझा माणूस घरात हाय! माझ्याशी बोलतुया, माझ्यासंगट जेवतुया. मला काय कमी न्हाई! तुझ्या बायकूला काय कमी हाय ते तू घरी जाऊन इचार!"

गच्चीवरच्या सगळ्या बाया एकदम टाळ्या वाजवायला लागल्या. मग उतारावरून शिट्ट्या, आरोळ्या. विचारणारा कुठे गडप झाला ते कळलंच नाही. अण्णांनी हलगीवाल्यांकडे बघून खूण केली, पण ते वाजवायचं विसरून गच्चीकडे बघत उभे होते. अण्णांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

मी पुष्कळ सभा ऐकल्या आहेत, धाडसाची पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. स्वतःची लाज अशी उघड्यावर ठेवून तिच्या शेजारी ताठ उभा राहिलेला माणूस मी तो एकच पाहिला. दोन माणसं, खरं म्हणजे.

सगळ्यांना हे आवडलं असं मात्र नाही. अण्णांचा धाकटा भाऊ शंकर, वय चौपन्न, धरणाच्या काठी शहरातल्या लोकांसाठी तंबू लावून राहण्या-जेवणाची सोय करायचा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं अण्णांना दारातच गाठलं. मी तिथं होतो.

"दादा, माझ्या पोरीचं लगीन ठरवतोय मी. पाव्हणं काय म्हनतील? घराण्यात रोग हाय म्हनतील. अब्रू घालवलीस समद्या गावात."

"बरं," अण्णा म्हणाले. "तू तपासणी कधी करतोस?"

शंकर पाय आपटत निघून गेला. बोलणं बंद झालं. आणि त्यानंतर अण्णांनी जे केलं ते हौसाकाकूंनी मला सांगितलं. रोज सकाळी उठून ते शंकरच्या घरी जायचे आणि ओट्यावर बसायचे. भांडायचे नाहीत, समजावायचे नाहीत. भावजय चहा घेऊन आली की म्हणायचे, "चा नगं. शंकऱ्याची तपासणी पायजे." तंबूत उतरलेली शहरी मंडळी न्याहारीला यायची, त्यांना ओट्यावर हा भला मोठा म्हातारा बसलेला दिसायचा. कुणी विचारलं की अण्णा खरं ते सांगायचे. शेवटी शंकर पाहुण्यांना तोंड देऊन कंटाळला आणि निव्वळ रागापायी, "चल, एकदाचं तोंड बंद होऊ दे तुझं" म्हणत, रक्त देऊन आला.

आकडा वाढलेला निघाला. मग बाकीच्या तपासण्या झाल्या. निकाल सांगायच्या दिवशी माझीही फेरतपासणी होती, म्हणून मी त्याच बाकांवर होतो. आतून शंकर बाहेर आला तो भिंतीला धरून. पाठोपाठ अण्णा. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"सापडली!" अण्णांनी मला मिठी मारली. "सापडली रं! बारकी हाय, जागच्या जागी हाय! येळंत सापडली!"

हॉलमधली माणसं बघत राहिली. भावाला कॅन्सर निघाला म्हणून आनंदानं रडणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नसणार. शंकर बाकावर बसून हमसून हमसून रडत होता, त्याचं वेगळं, त्याला अजून काहीच कळत नव्हतं. अण्णा त्याच्या शेजारी बसले, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "रड. लई रड. तू जगनार हाईस."

शंकरचं ऑपरेशन झालं. नंतर काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, माझाही राहिला नव्हता. चौपन्न वर्षांचा बाप्या, गिऱ्हाइकांसमोर वावरणारा, तो त्या ओलेपणानं पार खचला. खोलीतून बाहेर येईना. अण्णा पौडच्या औषधांच्या दुकानात गेले आणि भर गर्दीत म्हणाले, "थोरल्या माणसाची लंगोटी दे रं, ती चिकटपट्टीची." दुकानदारानं ती वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. अण्णांनी कागद काढून त्याच्या हातात परत दिला आणि ते पुडकं तसंच खाकोटीला मारून एसटीनं घरी आले. शंकर मला पुढे सांगत होता, "दादा ते घेऊन गावातनं चालत आला. समद्यांनी बघितलं. मग माझं लपवायला काय उरलंच न्हाई." मुलीचं लग्नही झालं. पाव्हण्यांकडच्या दोन काकांनी साखरपुड्यातच अण्णांना बाजूला घेऊन काही विचारलं म्हणे.

गावातले दगडूतात्या चौऱ्याऐंशीचे. त्यांची गोष्ट अगदी उलटी. जत्रेनंतर ते स्वतःच अण्णांच्या गळी पडले, मला घेऊन चल. त्यांनाही निघाला. पण डॉक्टर म्हणाले, या वयात, हृदय असं असताना, कापाकापी नको, नुसतं लक्ष ठेवू. तात्यांना अपमान वाटला. घरी येऊन त्यांनी जेवण सोडलं. "म्हातारा म्हनून सोडून दिलं मला. एक गोळी लिव्हली न्हाई! गेनूला इंजेक्शन, शंकऱ्याला आपरेशन, आनि मला काय? घरी जा?"

अण्णा त्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसले. एरवी गावाला ऐकू जाणारा आवाज त्यांनी खाली आणला. "तात्या, तुमची गाठ लई हळू चालती. तुमच्यापरीस हळू. डॉक्टर म्हनला, तुमी तिला मागं टाकून पुढं जाल."

तात्यांनी वर बघितलं. "म्हंजी मी दुसऱ्याच कशानं तरी मरनार?"

"व्हय."

"मग असं सांगायचं की!" म्हणून त्यांनी ताट ओढून घेतलं. तात्या अजून आहेत.

त्या मुलखात हळूहळू एक रीतच पडून गेली. कुणा पुरुषाला खालचं काही दुखणं असलं की तो अण्णांकडे यायचा. मासे धरणारे यायचे, गॅरेजवाले यायचे, एकदा लवासाच्या बाजूला बंगला असलेला एक निवृत्त अधिकारी गाडी लांब लावून चालत आला होता. अण्णा औषध सांगायचे नाहीत कधी. "मला त्यातलं कळत न्हाई," म्हणायचे. सोबत जायचे फक्त. डॉक्टरांच्या खोलीत शेजारी बसायचे.

मलाही त्यांनी एकदा सोबत दिली ती मी विसरणार नाही. धरणाच्या काठी आम्ही दोघंच होतो. ऑपरेशनला वर्ष होत आलेलं, आणि घरात मी बायकोपासून चार हात लांब राहायला लागलो होतो. जे जमत नाही त्याची आठवणही नको म्हणून. हे मी कुणाला बोललो नव्हतो, अण्णांनाही नाही. ते पाण्याकडे बघत आपलं आपण सांगायला लागले.

"इंजेक्शन सुरू झालं आनि माझ्यातलं ते गेलं. पार गेलं. मी बाहीर पडवीत झोपाया लागलो. आठवडा गेला, ही आली, म्हनली, हितं का? म्हनलं, माझा काय उपेग न्हाई आता. तर म्हनली, मी काय उपेगासाठी झोपत हुते का तुमच्याजवळ?" अण्णा हसले. "आता जवळ झोपतो. हात धरतो. चाळीस वर्सात जेवढं बोललो न्हाई तेवढं बोलतो. तुझं वय कमी हाय, सुनीलराव, तुला डॉक्टर काय काय उपाय सांगंल, ते कर. पर लांब झोपू नकोस."

त्यांनी परत विषय काढला नाही. घरी गेलो आणि मी बायकोला सगळं सांगितलं. एवढंच लिहितो.

चौथ्या वर्षी इंजेक्शनं लागू पडेनाशी झाली. अण्णा वाळले. पाठीची हाडं रात्रंदिवस दुखायची. डॉक्टरांनी आणखी कडक औषधं सुचवली, त्यांचे फायदे-तोटे सांगितले. अण्णांनी ती थोडे दिवस घेतली आणि मग हात जोडून पुरे म्हणाले. जत्रेत त्या वर्षी दुसऱ्यानं माइक धरला. अण्णा खुर्चीवर बसून ऐकत होते आणि त्याचं एखादं नाव चुकलं तरी बोलले नाहीत.

मी शेवटचा गेलो तेव्हा भात पिवळं पडलं होतं, कापणी तोंडावर आलेली. अण्णा खाटेवर होते. मला ओळखून त्यांनी डोळे मिचकावले, पण शब्द फुटायला वेळ लागत होता. काकूंनी त्यांना भाताची पेज भरवली. कूस बदलायलासुद्धा शंकरला बोलवावं लागत होतं. त्यानंतर पंधरवड्याच्या आत ते गेले. मातीला एवढी माणसं आली की रस्त्यावर गाड्या लावायला जागा उरली नाही, आणि त्यांतले कितीतरी पुरुष घरच्या कुणाच्याच ओळखीचे नव्हते.

पण मी सांगतोय ते त्या शेवटच्या भेटीचं. निरोप घेऊन मी उठणार, एवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. आलेला माणूस पंचेचाळिशीचा असेल, दाट काळ्या मिशा, पँटच्या पायांना चिखल. दारात उभा राहून म्हणाला, "गेनूअण्णा हितंच ऱ्हातात का? मी मावळातनं आलोय." हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल होती.

मी काकूंकडे बघितलं. मला वाटलं त्या सांगतील, आता नको, त्यांना बरं नाही. काकूंनी पदरानं डोळे पुसले, खाटेजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, माणूस आलंय."

अण्णांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं. मग हातानंच आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

आम्ही अंगणात बसलो. काकूंनी चहा दिला. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. बराच वेळ गेला. मग त्या माणसाच्या रडण्याचा आवाज आला, मग तोही थांबला, मग कसलंसं हसणं, दोघांचं.

मी निघालो. गाडी वळवून रस्त्याला लावली आणि मागे बघितलं. अण्णा दारात आले होते. कसे उठले देव जाणे. एक हात चौकटीवर, दुसरा त्या माणसाच्या खांद्यावर, आणि तसेच एक एक पाऊल टाकत ते त्याला अंगणातल्या मोटारसायकलीपर्यंत पोचवायला निघाले होते. शंकर धरायला धावला, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. तो माणूस गाडीवर बसला. त्याच्या खांद्यावरचा हात तसाच होता. तो किक मारत नव्हता आणि अण्णा आत जात नव्हते.